पैनगंगेच्या अलीकडे राहिलेले आप्पा

आप्पांना जाऊन आता चार वर्षं झाली. माझ्या लातूरच्या घरात त्यांचा एकही फोटो नाही, कारण त्यांनी तो कधी काढूच दिला नाही. इस्लापूरच्या बाजारात एकदा फोटोवाला आला होता, तेव्हा माझा थोरला भाऊ राचप्पा त्यांच्या फार मागं लागला. आप्पा म्हणाले, "मला बघायचं तर घरी या. कागदावर काय बघता?" त्यामुळं धाकट्या लेकरांना आजोबा कसे होते हे मला तोंडानंच सांगावं लागतं. थोरल्या विमलला सांगावं लागत नाही. तिनं त्यांना पुरेपूर पाहिलंय, आणि त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते भरल्या नदीच्या पलीकडून. तीच गोष्ट लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं.

आप्पांचं नाव बसवंत, गावात सगळे बसवंताप्पा म्हणत. उंच, रुंद हाडाचा माणूस. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात बंडी. बोलणं फार कमी. माणसांपेक्षा जनावरांशी जास्त बोलायचे आणि तेही हळू आवाजात, जसं कोणी आजाऱ्याशी बोलतं. आमचं गाव इस्लापूरपासून दोन कोसांवर, पैनगंगेच्या अगदी काठाला. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. लहानपणी आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत मावशीच्या गावाला जायचो. नाणं तेवढं बदलायचं, अलीकडे हाली, पलीकडे कलदार. बाकी माती तीच, ज्वारी तीच, बोलणंही थोड्या फरकानं तेच.

अठ्ठेचाळीस सालच्या चैतात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. हे लातूरला शाळेत मास्तर होते. मला पोचवून ते परत गेले आणि महिन्याभरात वाटाच बंद झाल्या. रझाकारीचे दिवस होते. आज या गावात जाळपोळ झाली, उद्या त्या गावचं धान्य उचलून नेलं, अशा बातम्या रोज यायच्या. काही खऱ्या, काही फुगवलेल्या, पण भीती सगळ्यांची खरीच होती. शेजारच्या दोन वाड्या रिकाम्या झाल्या. मग जेठात एका संध्याकाळी आमच्या गावानंही ठरवलं, की नदी ओलांडून पलीकडे जायचं. पाणी अजून चढलं नव्हतं. चढलं की वाट मिटणार होती.

चावडीपुढं सगळे जमले. प्रश्न निघाला जनावरांचा. पलीकडे जनावरांत खुरकुताची साथ चालली होती. शिवाय आधीच इतकी माणसं तिकडं जाऊन पडली होती, की माणसालाच जागा मिळेना, वैरण कुठली मिळणार? शेषेराव म्हणजे आमच्या शेजारचे शेतकरी, चांगला जाणता माणूस. ते म्हणाले, "दावी सोडून द्यावी. जंगलात चारा हाय. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय."

आप्पा मागं भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "गाभण म्हशी हायेत. वासरं हायेत. सोडलेलं जनावर वाघानं खाल्लं तर खाल्लं, न्हाई तर ज्याला सापडलं त्याचं झालं. तुम्ही जा. मी राहतो."

"एकटे?"

"एकटा कशानं? एवढी जनावरं हायेत की."

घरी आल्यावर माय त्यांच्यापुढं उभी राहिली. माझी माय साखराबाई सहसा त्यांच्या शब्दाला शब्द लावत नसे. त्या दिवशी ती म्हणाली, "अवो, जीव हाय तर जनावर हाय."

"अन् जनावर न्हाई तर पुढल्या साली जीव कशावर जगवायचा? गावात एक नांगर चालणार न्हाई."

मायनं जात्यावर बसून दोन पायल्या ज्वारी दळली आणि पिठाचा डेरा चुलीजवळ आणून ठेवला. आप्पांनी जन्मात कधी भाकरी थापली नव्हती. तिनं त्यांना चुलीपुढं बसवलं आणि पाणी किती घालायचं, पीठ कसं मळायचं ते दाखवलं. मी दारात उभी राहून ते पाहत होते. आप्पा निमूटपणे शाळेतल्या पोरासारखे तिच्या हाताकडे बघत होते.

निघताना ते माझ्याजवळ आले. मला सातवा सरून आठवा लागला होता. ते म्हणाले, "शिवा, मोकळी झालीस की आपल्या घाटासमोर काठावर हिरवं लुगडं वाळत घालायला सांग. मला दिसंल."

मी म्हटलं, "मुलगा झाला की मुलगी, ते कसं कळणार तुम्हाला?"

"ते मागून कळंल. तू नीट हायेस एवढं मला कळू दे."

दिवस मावळता मावळता सगळं गाव नदीत उतरलं. डोक्यावर वाकळा, खांद्यावर लेकरं, कुणाच्या हातात देवाचा करंडा. माझा हात वहिनीनं, जगदेवीनं धरला होता. पलीकडे चढून मागं पाहिलं तर आप्पा काठावर उभे होते आणि त्यांच्या शेजारी आणखी एक माणूस. तो दगडूभाई पिंजारी होता. गावात मुसलमानाचं ते एकच घर. गाद्या-दुलया भरायच्या, कापूस पिंजायचा, चार शेळ्या राखायच्या, असा त्यांचा संसार. त्यांची बायको हलीमाचाची मुलाकडं मुदखेडला गेली होती. मुलगा तिथं ठेसनावर हमाल होता. त्या दिवसांत पलीकडे मुसलमानाकडं संशयानं बघत, त्यामुळं दगडूभाईंना आमच्याबरोबर येणं धड शक्य नव्हतं आणि मुलाकडं जायचं तर शेळ्या सोडवत नव्हत्या. आप्पांना ते म्हणाले होते, "तुम्ही राहून राहिले तर मी बी राहतो. दोघं असलो म्हणजे बोलाय तर होतं."

पलीकडे आम्ही सागाच्या पानांच्या खोपी करून राहिलो. मृग बरसला आणि पैनगंगा दोन्ही काठ धरून वाहू लागली. आमच्या घाटाच्या वर नदीचं पात्र खडकाळ आहे, पुढं सहस्रकुंडाला ती खाली उडी घेते. पुराच्या दिवसांत पाण्याचा आवाज इतका, की हाकेला अर्थ राहत नाही. पलीकडचा माणूस दिसतो, त्याचं तोंड हललेलंही दिसतं, पण ऐकू काहीच येत नाही. रोज सकाळी माय काठावर जायची आणि आमच्या घरावरून धूर निघतो का बघायची. धूर दिसला की परत येऊन कामाला लागायची. काही विचारलं तर म्हणायची, "चूल पेटली त्यांची."

आषाढात एकदा मात्र सलग दोन-तीन दिवस कुठल्याच घरावरून धूर दिसला नाही. माय काठावरून हलेना. राचप्पानं डोंगा घालायचा प्रयत्न केला, पण भोई म्हणाला, या पाण्यात मी माझ्या बापाला पण नेणार नाही. मग एका सकाळी धूर दिसला, पण आमच्या घरावरून नाही, दगडूभाईंच्या घरावरून. मायनं तो धूर बराच वेळ पाहिला. "त्याच्याकडं जेवत असतील," असं तीच म्हणाली आणि तीच पुन्हा म्हणाली, "पर हे त्याच्याकडं कसं जेवतील?" आमच्या घरात शिवाचार कडक होता. आप्पा परक्याच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत.

श्रावणात मी बाळंत झाले. पाऊस पडत होता, खोपीत चार ठिकाणी गळत होतं, आणि गावातल्या उमाबाईनं, जिच्या हातून आमच्या गावातली निम्मी लेकरं जन्माला आली, तिनं एका हातानं दिवा झाकत दुसऱ्या हातानं मला मोकळं केलं. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळताच राचप्पानं घाटासमोरच्या जांभळीला हिरवं लुगडं बांधलं. मी खोपीतच होते, मला काही दिसलं नाही. माय सांगते, की थोड्या वेळानं आप्पा समोरच्या काठावर आले. बराच वेळ लुगड्याकडं बघत उभे राहिले. मग खालीच बसले, आणि बसूनच राहिले.

पोळ्याच्या दिवशी मला उमाबाईनं बाहेर जायची परवानगी दिली. पोळा म्हणजे आमच्याकडं मोठा सण. पण बैलच जवळ नाहीत तर सण कसला? माणसं खोपींच्या पुढं नुसती बसून होती. दुपार कलल्यावर कोणीतरी ओरडत आलं, नदीवर चला.

आम्ही गेलो. समोरच्या काठावर आमच्या गावचे बैल एका ओळीनं येत होते. शिंगांना हिंगूळ-बेगड नव्हतं, पण काव आणि चुन्यानं ती रंगवली होती. कपाळाला बाशिंगाऐवजी पळसाची पानं बांधली होती. पुढं दगडूभाई, हातात कासरा. एकेक जोडी घाटावर यायची, दगडूभाई तिला पाण्याजवळ आणून नदीकडं तोंड करून थोडा वेळ उभी करायचे आणि मग बाजूला घ्यायचे. आमच्या बाजूला माणसं नदीला भिडून उभी राहिली. जोडी आली की तिच्या घरची बाई पुढं व्हायची. शेषेरावांची जोडी आली तेव्हा शेषेरावांनी पागोटं काढून तोंडावर धरलं. उमाबाईचा एकच बैल होता, म्हातारा, एका डोळ्यानं अधू. तोही आला. उमाबाईनं आणलेला पुरणाचा घास नदीत सोडला आणि हात जोडले.

गावातली जवळजवळ सगळी जनावरं झाली. राचप्पा माझ्याजवळ उभा होता. तो हळूच म्हणाला, "आपली जोडी न्हाई."

माय म्हणाली, "मागं असंल."

मागं कोणी नव्हतं. सगळ्यात शेवटी आप्पा आले, एकटे. अंगावर घोंगडी पांघरलेली होती, आणि त्या वेळी पाऊस नव्हता. ते वाळलेले दिसत होते, पण ताठ चालत होते. मायनं माझ्या हातातून बाळाला घेतलं आणि दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. समोर आप्पांनी डोक्याचा रुमाल काढला. मग एक हात वर केला. एकच. तो हात त्यांनी कितीतरी वेळ तसाच धरला होता. मध्ये सगळं पाणी गढूळ, लाकडं वाहत चाललेली, आणि त्या आवाजात माझी मुलगी रडत होती ते मलासुद्धा नीट ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर पंधरवड्यात हैदराबादची ती बातमी आली. फौजा शिरल्या, निजामानं हत्यार ठेवलं. पलीकडच्या गावात लोकांनी साखर वाटली. आम्हाला मात्र पाणी उतरायची वाट पाहावी लागली. पूर ओसरला तसा भोयानं डोंगा काढला आणि खेपा सुरू झाल्या. आमची खेप सकाळची होती. आप्पा घाटावर गुडघाभर पाण्यात येऊन थांबले होते. त्यांनी उजव्या हातानं बाळ घेतलं आणि छातीशी धरलं. डावा हात घोंगडीतच होता.

"नाव काय ठेवलं?" त्यांनी विचारलं.

माय म्हणाली, "तुमच्यासाठी थांबलोय."

बाळानं त्यांची वाढलेली दाढी मुठीत धरली. ते म्हणाले, "इतक्या गढूळ पाण्यातून आली, तरी किती निर्मळ दिसून राहिली. विमल म्हणा."

गोठ्यात गेलो तर दावण रिकामी होती. आमची लाखा आणि पवळ्याची जोडी नव्हती, दुभती गाय नव्हती. बाकी गावात घराघरांतून हंबरणं ऐकू येत होतं. त्या साली गावातली वासरं इतकी गुबगुबीत झाली होती, की लोक हसून सांगायचे. गाई-म्हशींचं दूध काढायला कोणी नव्हतं, ते सगळं वासरांच्याच पोटात गेलं. मायनं आमच्या रिकाम्या दावणीवरून हात फिरवला. मग ती आप्पांच्या जवळ गेली आणि तिनं त्यांच्या अंगावरची घोंगडी बाजूला केली. डावा हात कोपरात वाकडा बसला होता. चिंध्यांनी आणि बांबूच्या कामट्यांनी तो बांधलेला होता.

"कशानं झालं?"

"बैलानं ढुसणी दिली."

"कोणत्या बैलानं?" मायनं विचारलं. त्यांनी घोंगडी पुन्हा ओढून घेतली.

आप्पांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नाही. दगडूभाईंनी सांगितलं, ते सुद्धा मायनं त्यांना शपथ घातली तेव्हा. आषाढात एक हत्यारबंद टोळी गावात आली. कुठली माणसं, कोणाच्या हुकुमानं हिंडत होती, हे दगडूभाईंनाही माहीत नव्हतं. टोळीला बैल हवे होते, चांगले, गाड्याला जुंपायला. दगडूभाई आडवे गेले. म्हणाले, ही गरिबांची जनावरं आहेत, मी पण तुमच्यातलाच एक, माझं ऐका. टोळीवाल्यांनी त्यांना ढकलून दिलं. तेव्हा आप्पा त्या लोकांना आमच्या गोठ्यात घेऊन गेले. म्हणाले, "ही जोडी न्या. आख्ख्या गावात हिच्या तोडीची न्हाई." ते खरंच होतं. त्या लोकांनी जोडी सोडली, गाय सोडली, आणि मग म्हणाले, आता बाकीचे गोठे दाखव. आप्पा म्हणाले, "ते माझे न्हाईत. माझं होतं ते मी दिलं." त्यांनी पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा तेच सांगितलं. एकानं बंदुकीचा दस्ता घातला. हात मोडला तरी आप्पा शेषेरावांच्या गोठ्याच्या दारातून हलले नाहीत. पाऊस वाढला, ओढा भरायला लागला, ती माणसं मागं अडकायला नको म्हणून निघून गेली.

"मंग दोन-तीन दिवस ताप होता," दगडूभाई म्हणाले. "एका हातानं पीठ मळता येईना. मी म्हणलो, आप्पा, माझी भाकर खावा. न्हाई म्हणले. मी म्हणलो, तुम्ही मेले तर एवढ्या जनावरांचं मी एकटा काय करू? तवा खाल्ली."

हे ऐकून माय उठली आणि आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. तिनं दगडूभाईंना ओसरीवर नाही, आत चुलीजवळ बसवून वाढलं. तोवर आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

ही गोष्ट गावभर झाली, आणि आमच्या मठाचे स्वामी आले. वयस्कर, मवाळ माणूस. ते म्हणाले, "बसवंताप्पा, नाइलाज होता, समजतो मी. पण एकदा शुद्ध होऊन पुन्हा दीक्षा घ्या. लोकांचं तोंड मिटेल."

आप्पा हात जोडून म्हणाले, "स्वामी, तुम्ही सांगाल ते करतो. पर त्या भाकरीचं पाप काढायला म्हणून असंल, तर न्हाई करणार. त्या भाकरीत पाप नव्हतं."

स्वामींनी भस्माचा बटवा उघडला, आप्पांच्या कपाळाला भस्म लावलं आणि म्हणाले, "राहू द्या."

पण त्या वर्षीचं आप्पांचं दुःख वेगळंच होतं. सगळं शांत झालं, गाड्या सुरू झाल्या, तरी दगडूभाईंच्या मुलाची काही खबर येईना. त्या दिवसांत इकडची माणसं तिकडच्यांच्या हाती सापडत होती आणि तिकडची इकडच्यांच्या. कुठं काय झालं ते सांगायलाही कोणी उरत नव्हतं. आप्पांनी शेषेरावांची बैलगाडी मागून घेतली आणि दगडूभाईंना बसवून मुदखेडला नेलं. रेल्वे होती, पण मुसलमान म्हणून दगडूभाईंना डब्यात बसायची भीती वाटत होती. आणि आप्पा म्हणाले, गाडीत मी बाजूला असलो म्हणजे कोणी विचारणार न्हाई. ते परत आले तेव्हा गाडीत हलीमाचाची होती. मुलगा एका सकाळी कामाला म्हणून बाहेर पडला होता, तो आलाच नव्हता. ठेसनावर, दवाखान्यात, नदीकाठी, सगळीकडं हे दोघं म्हातारे विचारत फिरले. कोणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून सांगवत नव्हतं.

पुढं गावात झेंडा लावायचा ठरला. लेझीम निघाली, आप्पांना हार घालायचा म्हणून लोक घरी आले. आप्पा घरी नव्हते. दगडूभाईंच्या ओट्यावर बसले होते. शेषेराव तिथं जाऊन म्हणाले, "आप्पा, चला. आजचा दिवस आनंदाचा हाय."

"हाव, हाय ना," आप्पा म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हणलो? पर ह्याचं लेकरू अजून आलं न्हाई. तुम्ही झेंडा लावा, मी इथं बसतो."

शेषेरावही शेजारी बसले. लेझीम तेवढी पुढं गेली.

त्या साली आमचं शेत गावानं नांगरलं. आज याची जोडी, उद्या त्याची. आप्पांनी कोणाला बोलावलं नाही. सकाळी उठून बघावं तर कोणीतरी औत धरून बांधावर उभं. पण आप्पा त्यानंतर फार बोलके कधी झाले नाहीत. पोळ्याला दुसऱ्यांच्या बैलांना पुरणपोळी चारायचे, आणि मग नदीकडं जाऊन एकटे बसायचे.

जिच्याशी ते मोकळे व्हायचे ती एकटी विमल. मी लातूरला परतले, तरी दर उन्हाळ्याला तिला गावाला नेत असे. उजव्या हातावर पालथी धरून त्यांनी तिला पैनगंगेत पोहायला शिकवलं. ती मोडलेल्या हाताबद्दल विचारायची, तर दर वेळी वेगळं उत्तर. कधी झाडावरून पडलो, कधी विहिरीत उतरताना घसरलो. ती म्हणायची, "आजोबा, मागल्या वर्षी तर तुम्ही दुसरंच सांगितलं होतं." ते म्हणायचे, "मग त्यातलं तुला आवडंल ते धर."

लातूरला ते कधी यायचे नाहीत. "गावाला नदी न्हाई, तिथं जीव घुसमटतो," म्हणायचे. एकदाच आले, विमल नऊ वर्षांची असताना. तिला मुदतीचा ताप आला होता. आम्ही तार केली नव्हती, नुसतं कोणाकडून तरी कळलं होतं. मुदखेडला, परभणीला गाड्या बदलत ते आले, पायातलं काढलं आणि तिच्या उशाशी बसले. डॉक्टर काही खाऊ देऊ नका म्हणत होते, मग हळूहळू पेज सुरू करा म्हणाले. माझ्या हातची पेज ती थुंकून टाकायची. आप्पा स्वयंपाकघरात गेले, उजव्या हातानं तांदूळ धुतले, स्वतः शिजवली. ती करपली होती. विमलनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "आजोबा, ही जळली आहे." आप्पा म्हणाले, "तुझ्या आजीनं मला घाईघाईत शिकवलं होतं." ती हसली. ताप चढल्यापासून पहिल्यांदा हसली. ती उठून चालायला लागेपर्यंत ते राहिले आणि मग एका सकाळी, मी नको म्हणत असताना, निघून गेले.

शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांच्याजवळ होते. छातीत कफ दाटला होता. विमल नांदेडला शिकत होती, तीही आली. त्यांनी बाज गोठ्याजवळ हलवायला सांगितली. जनावरांचा वास लागल्यावर त्यांना जरा बरं वाटायचं. विमल त्यांचे पाय चेपत बसायची. एका दुपारी ती म्हणाली, "आजोबा, आता तरी खरं सांगा, हात कशानं मोडला?" आम्ही मोठ्यांनी तिला केव्हाच सांगितलं होतं, तरी तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

ते म्हणाले, "मला लई भ्या वाटलं होतं, माय. पळावं वाटलं होतं. पाय हलले न्हाईत, म्हणून उभा राहिलो. लोक उगीच काय काय म्हणतात."

ते नम्रपणाचं बोलणं होतं की खरं, मला आजही ठरवता येत नाही. दोन दिवसांनी सकाळी, उन्हं अंगणात आल्यावर, ते गेले. माय चूल पेटवत होती.

आमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात. नदीकडच्या शेतात खड्डा घेतला. स्वामी तेव्हा दुसरे होते, तरुण. त्यांनी विधी केले, भस्म आणि बेलाची पानं घातली. सगळं गाव होतं. दगडूभाईंना तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं. हलीमाचाची त्यांना हाताला धरून घेऊन आली. राचप्पानं बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली. दगडूभाई खाली वाकले, मूठभर माती घेतली, आणि ती टाकण्याआधी हातात चाचपत राहिले, जणू तिच्यात काही कचरा आहे का बघत होते. मग टाकली. पुन्हा घेतली, पुन्हा टाकली. त्यांच्या तोंडातून हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. स्वामींनी त्यांचं होईपर्यंत वाट पाहिली.

मग सगळ्यांनी माती लोटली. परतायची वेळ झाली तरी माय हलेना. मी तिला उठवायला गेले, तेव्हा हलीमाचाची माझ्या आधी तिथं पोचली होती. चाचीनं तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला, आणि दोघी एकमेकींचा हात धरून बांधाबांधानं घराकडं निघाल्या. विमलनं दगडूभाईंची काठी धरली. आम्ही त्यांच्या मागून चालत होतो.